घरची दुर्बीण: वापर आणि देखभाल, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे सगळं घरगुती दुर्बिणींबद्दल आहे, म्हणजे साधारण ६० ते २५० मिमी व्यासाच्या, मग भिंगाची असो नाहीतर आरशाची. जिथे अडलंय तिथे थेट जा, क्रमाने वाचायची गरज नाही. फक्त सूर्याबद्दलचं उत्तर कोणीही गाळू नका.

प्र. दुर्बीण जोडली, रात्री डोळा लावला, पण नुसता काळोख. पीस खराब आलाय का?

शक्यता फार कमी आहे. आधी झाकण बघा. आरशाच्या बऱ्याच दुर्बिणींच्या मोठ्या झाकणात एक छोटं झाकण असतं आणि नवीन माणूस नेमकं तेवढंच काढतो, मग प्रकाश त्या छोट्या भोकातून येईल तेवढाच. पूर्ण झाकण काढा. मग आयपीस (डोळा लावायचं छोटं भिंग) कुठला लावलाय ते बघा. आयपीसवरचा आकडा जितका मोठा तितकं मॅग्निफिकेशन कमी आणि आकाशाचा दिसणारा तुकडा मोठा, त्यामुळे सुरुवात कायम २५ किंवा २० मिमीनेच करायची. बार्लो (मॅग्निफिकेशन वाढवणारं जोडभिंग) लावला असेल तर काढून ठेवा. भिंगाची दुर्बीण असेल तर मागे डायगोनल (प्रकाश आयपीसकडे वळवणारा तुकडा) लावलाय ना बघा, त्याच्याशिवाय बऱ्याच दुर्बिणींचा फोकस लागतच नाही. एवढं करूनही काळोखच असेल तर बहुतेक दुर्बीण ठणठणीत आहे, ती फक्त रिकाम्या आकाशाकडे बघतेय, कारण फाइंडर (नेम धरायची वरची छोटी दुर्बीण) जुळलेला नाही.

प्र. फाइंडर कसा जुळवायचा?

दिवसा. रात्री अंधारात स्क्रू चाचपत बसू नका. निदान अर्धा किलोमीटर लांबची एखादी न हलणारी वस्तू घ्या, टॉवरचं टोक, पाण्याच्या टाकीचा कोपरा, काहीही, फक्त सूर्य त्या बाजूला नको. आधी मोठ्या दुर्बिणीत २५ मिमीने ती वस्तू बरोबर मधे आणा, मग दुर्बीण न हलवता फाइंडरचे स्क्रू फिरवून तीच वस्तू फाइंडरच्या मधोमध आणा. मग १० मिमी लावून हेच परत. रात्री एखाद्या तेजस्वी ताऱ्यावर खात्री करून घ्या. ध्रुव तारा दिसत असेल तर उत्तमच, तो जागचा जवळपास हलत नाही. दुर्बीण उचलून नेली की फाइंडर थोडा सरकतोच, त्यामुळे ही तपासणी दर वेळी एक मिनिट करून टाकायची.

प्र. तारा मोठ्या गोल चकतीसारखा दिसतो आणि मधे काळं भोक. असं का?

फोकस नाहीये. ते काळं भोक म्हणजे पुढच्या छोट्या आरशाची सावली. घरगुती दुर्बिणीतून तारा कितीही मॅग्निफाय केला तरी ठिपकाच दिसतो, तारा जितका बारीक ठिपका दिसेल तितका फोकस बरोबर. फोकसरचा नॉब हळूहळू फिरवा, चकती लहान व्हायला लागली तर दिशा बरोबर आहे, मोठी होत असेल तर उलटं फिरवा.

प्र. सगळं उलटं दिसतं. दुरुस्त करता येईल का?

न्यूटोनियन, म्हणजे दोन आरशांच्या साध्या दुर्बिणीत चित्र १८० अंशात फिरलेलं दिसतं, भिंगाच्या दुर्बिणीला डायगोनल लावला की सरळ पण डावं-उजवं बदललेलं दिसतं. ते तसंच असतं. आकाशात वर-खाली असं काही नसल्यामुळे फरक पडत नाही, दोन-तीन रात्रींत हाताला सवय होते.

प्र. खोक्यावर ६७५ पट लिहिलंय, मला एवढं दिसत का नाही?

कारण तो आकडा फक्त गणित आहे. मॅग्निफिकेशन म्हणजे दुर्बिणीचं नाभीय अंतर (फोकल लेंग्थ) भागिले आयपीसचं नाभीय अंतर, म्हणजे त्याच्यावरचा मिमीचा आकडा. १२०० मिमीच्या दुर्बिणीला २५ मिमीचा आयपीस म्हणजे ४८ पट, १० मिमीचा म्हणजे १२० पट. लहानातला लहान आयपीस आणि ३ पटीचा बार्लो लावला की कागदावर वाट्टेल तो आकडा काढता येतो, पण दुर्बिणीने गोळा केलेला प्रकाश तेवढाच राहतो आणि तो पसरत जातो, म्हणून चित्र मोठं होतं, अंधुक होतं आणि तपशील एकही वाढत नाही. ढोबळ मर्यादा अशी, की व्यासाच्या मिमीला २ पट. म्हणजे ७० मिमीच्या दुर्बिणीला १४० पट झाले की संपलं. मोठ्या दुर्बिणींतही वातावरणामुळे बहुतेक रात्री २०० ते २५० च्या पुढे जाण्यात अर्थ नसतो. मॅग्निफिकेशन बघून दुर्बीण विकणं ही मला खरंच वाईट गोष्ट वाटते, कारण त्यामुळे किती मुलं पहिल्या रात्रीच निराश होतात. बघायचा आकडा एकच, व्यास. अंधारात डोळ्याची बाहुली साधारण ७ मिमी उघडते, त्या तुलनेत २०० मिमीचा आरसा ८०० पटीहून जास्त प्रकाश गोळा करतो, खरी ताकद ती.

प्र. सुरुवातीला काय बघू?

चंद्र. पण पौर्णिमेचा नको. पौर्णिमेला सूर्याचा प्रकाश समोरून पडतो, सावल्या नाहीत, त्यामुळे सगळं सपाट आणि पांढरंफटक दिसतं. अष्टमीच्या आसपास बघा, उजेड आणि अंधार जिथे मिळतात त्या रेषेवर विवरांच्या कडा, त्यांच्या मधली शिखरं, लांबलचक सावल्या असं सगळं उठून दिसतं, आणि तासाभराने परत बघितलं तर एखादं शिखर नव्याने उजळलेलं असतं.

मग गुरू. ५० पटीतही त्याचे चार मोठे चंद्र एका ओळीत दिसतात, गॅलिलिओने १६१० च्या जानेवारीत पाहिले तेच. आयो पावणेदोन दिवसांत एक फेरी मारतो, त्यामुळे एकाच संध्याकाळी दोन तासांच्या अंतराने बघितलं तरी जागा बदललेली कळते. कागदावर एक गोल आणि चार ठिपके काढून ठेवा, रोज काढा, आठवड्याने ती चित्रं एकाखाली एक ठेवून बघा, यासारखा आनंद नाही. शनीची कडी ३०-४० पटीपासून ओळखू येतात. २०२५ च्या मार्चमध्ये पृथ्वी कड्यांच्या पातळीतून गेली, म्हणून त्या सुमाराला बघणाऱ्यांना कडी एका बारीक रेषेसारखी दिसली आणि अनेकांना वाटलं दुर्बिणीत दोष आहे. आता ती वर्षागणिक उघडत जातायत, २०३२ च्या आसपास सगळ्यात मोकळी दिसतील.

ताऱ्यांमध्ये सप्तर्षीतले वसिष्ठ आणि अरुंधती घ्या. नुसत्या डोळ्यांनी ते दोन वेगळे दिसतात, पण दुर्बिणीतून बघितलं की वसिष्ठाचेच परत दोन तारे होतात, चिकटून, आणि अरुंधती त्याच दृश्यात बाजूला. हंस तारकासमूहातला अल्बिरिओ पण सोडू नका, एक सोनेरी आणि एक निळसर. कृत्तिकांना मात्र सगळ्यात कमी मॅग्निफिकेशनच लावा, नाहीतर पुंजका दृश्यात मावत नाही.

प्र. फोटोत तेजोमेघ गुलाबी-निळे असतात, मला करड्या धुरासारखे दिसतात. दुर्बीण कमी पडतेय का?

नाही. अंधुक प्रकाशात डोळ्यातल्या ज्या पेशी काम करतात त्यांना रंग कळत नाहीत. कॅमेरा कितीतरी मिनिटं, कधी तास प्रकाश साठवतो, डोळा साठवू शकत नाही. मोठ्या दुर्बिणीतून मृगातला तेजोमेघ काहींना हिरवट भासतो, बाकी बहुतेक सगळं करडंच. पण तो करडा धूर म्हणजे देवयानी दीर्घिका असेल तर तिचा प्रकाश २५ लाख वर्षांपूर्वी निघालाय आणि तो कुठल्याही स्क्रीनवरून न येता थेट तुमच्या डोळ्यात पडतोय, हे लक्षात ठेवून बघा.

जास्त दिसावं म्हणून दोन गोष्टी करा. डोळ्यांना २०-३० मिनिटं अंधाराची सवय होऊ द्या आणि तेवढ्या वेळात मोबाइल बघू नका, एकदा बघितला की परत शून्यापासून सुरुवात. उजेड लागलाच तर मंद लाल. दुसरं, अंधुक वस्तूकडे सरळ न बघता तिच्या थोडं बाजूला बघा, तिरक्या नजरेने ती जास्त उजळ दिसते, कारण अंधारात काम करणाऱ्या पेशी डोळ्याच्या पडद्याच्या मधोमध नसतात, कडेला असतात.

प्र. ग्रह उकळत्या पाण्यातून बघितल्यासारखा थरथरतो. काय करू?

तीन कारणं असू शकतात. एक म्हणजे वरचं वातावरण, तारे खूप लुकलुकत असतील तर त्या रात्री ग्रहांवर जास्त मॅग्निफिकेशन लावू नका, पुंजके बघा. दुसरं, दुर्बीण थंड झालेली नाही. घरातून काढलेला आरसा बाहेरच्या हवेपेक्षा गरम असतो, त्याच्यावरून गरम हवा वर जात राहते आणि चित्र हलतं. लहान दुर्बिणीला अर्धा तास, २०० मिमीच्या आसपास असेल तर तासभर आधी बाहेर ठेवा. तिसरं, तुम्ही खिडकीतून बघताय, किंवा दिवसभर तापलेल्या स्लॅबवरून. खिडकीच्या काचेतून तर नाहीच नाही, पण उघड्या खिडकीतूनही घरातली गरम हवा बाहेर पडत असते. माती किंवा गवत असलेली जागा बरी. आणि ग्रह क्षितिजाजवळ असताना बघू नका, वर येऊ द्या.

प्र. फोकस केला की ग्रह निसटतो. मोटर घ्यावी का?

ग्रह निसटत नाही, पृथ्वी फिरतेय, तासाला १५ अंश. १२० पटीला साध्या आयपीसमध्ये एखादी वस्तू साधारण दीड-दोन मिनिटांत दृश्य ओलांडून जाते. ग्रह येतो त्या बाजूच्या कडेला आणून ठेवा आणि त्याला दृश्यातून सरकू द्या, तेवढ्यात हादराही थांबतो. मोटरची घाई नको.

प्र. इक्वेटोरियल माउंट समजतच नाहीये.

हा पृथ्वीच्या फिरण्याशी जुळवून फिरणारा स्टँड. फक्त तीन गोष्टी. माउंटवरचा अक्षांशाचा आकडा तुमच्या जागेच्या अक्षांशावर लावा, मुख्य अक्ष उत्तरेला करा (दक्षिण गोलार्धात असाल तर दक्षिणेला), आणि वजनं सरकवून नळी दोन्ही अक्षांवर तोलून घ्या, क्लॅम्प सैल केल्यावर नळी आपोआप कलली तर तोल गेलेला आहे. डोळ्याने बघायला ध्रुव ताऱ्यावर ढोबळ नेम पुरतो. ध्रुव तारा खऱ्या ध्रुवापासून पाऊण अंशाच्या आत आहे, तेवढ्याने काही बिघडत नाही, लांब एक्स्पोजरचे फोटो काढायचे असतील तर मात्र बारकाईने करावं लागतं.

प्र. गोटू (मोटरने आपोआप वस्तूकडे वळणारी) दुर्बीण भलतीकडेच जाते.

तारीख बघा. बऱ्याच हँडसेटमध्ये आधी महिना आणि मग दिवस टाकायचा असतो. मग टाइम झोन, डेलाइट सेव्हिंग चालू राहिलंय का, अक्षांश-रेखांश. हे सगळं बरोबर असेल तर तुम्ही अलाइनमेंटला, म्हणजे सुरुवातीला ताऱ्यांवर जुळवून घेताना, चुकीचा तारा मधे आणलाय, किंवा बॅटरी उतरलीये, उतरलेल्या बॅटरीवर मोटर वेड्यासारखी वागते. वापर नसेल तेव्हा सेल काढून ठेवा, गळले की आतले कॉन्टॅक्ट कायमचे खराब होतात.

प्र. सूर्य बघता येतो का?

येतो, पण फक्त दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर, म्हणजे प्रकाश आत शिरायच्या आधी, पूर्ण व्यास झाकणारा सोलर फिल्टर लावून. डोळ्याने बघायच्या फिल्टरमधून सूर्यप्रकाशाचा साधारण एक लाखावा भाग आत येतो. फक्त फोटोसाठी म्हणून मिळणारी फिल्म त्यापेक्षा बरीच पातळ असते, ती लावून डोळा लावू नका. जुन्या दुर्बिणींसोबत आयपीसला लावायचा काळपट छोटा सन फिल्टर यायचा, तुमच्याकडे असेल तर आजच फोडून फेका, कोणाला देऊसुद्धा नका. तो फिल्टर नेमका जिथे सगळी उष्णता एकवटते तिथे बसतो आणि तडकतो, आणि तडकतो तेव्हा डोळा तिथेच असतो. ग्रहणाचा चष्मा घालून दुर्बिणीत बघणं हेही तितकंच घातक आहे.

डोळ्याच्या पडद्याला वेदना कळत नाहीत, त्यामुळे जळताना दुखत नाही, कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. दर वेळी फिल्टर प्रखर दिव्यासमोर धरून बारीक भोकं, चरे तपासा, वाऱ्याने उडू नये म्हणून टेपने पक्का करा, फाइंडरला झाकण घाला किंवा तो काढूनच ठेवा. आजूबाजूला मुलं असतील तर दुर्बिणीपासून हलायचं नाही, पाणी प्यायलासुद्धा नाही. आणि झाकण नसलेली दुर्बीण उन्हाच्या खिडकीत ठेवू नका, आग लागू शकते.

प्र. आरशावर धूळ बसलीये. कधी साफ करू?

बहुतेक वेळा उत्तर आहे, करू नका. असा विचार करा, २०० मिमीच्या न्यूटोनियनमध्ये पुढचा छोटा आरसा ५० मिमीच्या आसपास असतो आणि तो कायम प्रकाशाच्या वाटेत बसलेला असतो, तरी चित्र छान येतं. त्याच्यापुढे थोड्या धुळीने काय होणार? उलट आरशावरचा ॲल्युमिनियमचा थर साधारण १०० नॅनोमीटर जाड असतो, म्हणजे केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाच्या आसपास. त्यावर कोरडं कापड फिरवलं की धुळीचे कण घासले जातात आणि पडलेले चरे कधीच जात नाहीत. टॉर्च मारून आरसा बघायची सवय सोडा, टॉर्चमध्ये नवा आरसासुद्धा भयंकर दिसतो. धूळ साचून चित्राचा उठाव खरंच कमी झाला, परागकण चिकटले किंवा किड्यांनी घाण केली तरच धुवायचा, आणि नीट झाकून ठेवलेल्या दुर्बिणीवर ही वेळ कित्येक वर्षांत एखाद्या वेळी येते.

प्र. आणि धुवायचाच असेल तर?

अंगठी, घड्याळ काढा. आरसा कुठल्या बाजूने बसला होता त्याची सेलवर (आरसा बसतो त्या चौकटीवर) खूण करा. पसरट भांड्यात तळाला टॉवेल घाला, आरसा ठेवा, आधी कोमट पाण्याच्या हलक्या धारेने मोकळी धूळ वाहून जाऊ द्या, ही पायरी कधीही गाळू नका. मग पाण्यात साध्या डिश लिक्विडचे एक-दोन थेंब टाकून थोडा वेळ भिजू द्या, शुद्ध कापसाचा बोळा पाण्याखाली आरशावरून नुसता ओढा, बोळ्याच्या स्वतःच्या वजनाएवढाच दाब, एकदा फिरवला की फेकून नवा घ्या. साध्या पाण्याने खळखळून, शेवटी डिस्टिल्ड वॉटर, नाहीतर क्षारांचे डाग राहतात. मग आरसा तिरका उभा करून निथळू द्या. पुसायचा नाही, राहिलेल्या थेंबांना टिश्यूचं टोक टेकवा, ते शोषून घेईल.

प्र. भिंग आणि आयपीस?

पुढचं भिंग उघडू नका, त्यातल्या काचांमधलं अंतर आणि त्यांची बसण्याची दिशा ठरलेली असते. वरची धूळ रबरी ब्लोअरने उडवा, तोंडाने फुंकू नका, थुंकी उडते. आयपीसवर पापण्यांचं तेल बसतं आणि त्याने चित्र धूसर होतं, त्यामुळे ते मात्र अधूनमधून पुसावे लागतात. आधी ब्लोअर, मग लेन्स टिश्यूवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एखादा थेंब, मधून कडेला हलक्या हाताने. थेंब टिश्यूवर टाकायचा, काचेवर कधीच नाही, नाहीतर तो कडेने आत उतरतो. शर्टाचं टोक वापरू नका.

प्र. रात्री दव पडून सगळं धूसर होतं.

पुसू नका. दुर्बिणीच्या तोंडाला पुढे काळ्या फोमची किंवा कार्डबोर्डची नळी लावा, व्यासाच्या दीडपट लांब, तेवढ्यानेच बरंच काम होतं. त्याने भागलं नाही तर हीटरचा पट्टा मिळतो. दव पडलंच तर हेअर ड्रायर कमी गरमीवर, लांबून. आणि ओल्या दुर्बिणीला झाकण घालून खोक्यात कोंबू नका, घरात आणून तोंड किंचित खाली करून उघडी ठेवा, पूर्ण सुकली की मगच झाका.

प्र. भिंगात कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी दिसतंय.

बुरशी आहे. दमट, अंधाऱ्या, बंद जागेत होते आणि वेळेत काढली नाही तर काचेवरचं कोटिंग खाते. आयपीसच्या बाहेरच्या काचेवर असेल तर वर सांगितल्यासारखं पुसून जाते, मोठ्या भिंगाच्या आत असेल तर जाणत्या माणसाकडेच द्या. मुळात होऊ नये म्हणून आयपीस हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा, रंग बदलणारं जेल घेतलं तर कधी बदलायचं ते कळतं. दुर्बीण प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळू नका, झाकणं लावून वरून सुती कापड पुरे. सगळ्यात चांगला उपाय म्हणजे ती वापरत राहणं, दर महिन्याला बाहेर निघणाऱ्या दुर्बिणीला बुरशी सहसा लागत नाही.

प्र. कोलिमेशन (आरसे एका रेषेत जुळवणं) दर वेळी करावं लागतं का?

भिंगाच्या दुर्बिणीला जवळपास कधीच नाही. न्यूटोनियनला प्रवासानंतर तपासावं, सवय झाली की दोन मिनिटं लागतात. लोक याला फार घाबरतात, घाबरायचं काही नाही. चेशायर आयपीस (आरसे जुळवायची, आत फुली असलेली नळी) लावून आधी छोट्या आरशाचे तीन स्क्रू असे फिरवा की मोठ्या आरशाच्या मधली खूण त्या फुलीवर येईल, मग मोठ्या आरशामागचे स्क्रू फिरवून परतीचं प्रतिबिंबही मधे आणा. एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त नाही. छोट्या आरशाचे स्क्रू फिरवताना नळी आडवी ठेवा, उभी असेल आणि पाना हातातून सुटला तर तो थेट मोठ्या आरशावर पडतो. चेशायरऐवजी लेझर वापरत असाल तर आधी लेझरच सरळ आहे का ते बघा, फोकसरमध्ये गोल फिरवल्यावर ठिपका गोल गोल फिरला तर लेझरच वाकडा आहे. शेवटची खात्री ताऱ्यावर, जास्त मॅग्निफिकेशन, तारा मधे, फोकस किंचित बिघडवा, ताऱ्याची कडी एकात एक बरोबर मधोमध दिसली की झालं.

प्र. हात लावला की सगळं थरथरतं.

ट्रायपॉडचे पाय पूर्ण लांब करू नका, खुर्चीवर बसून बघा, बसून बघितलं की तपशीलही जास्त दिसतात. सगळे नट घट्ट करा, मधे वजन टांगा. डॉब्सोनियन (जमिनीवरच्या फिरत्या पेटीत बसणारी न्यूटोनियन) अडकत अडकत फिरत असेल तर तेल घालू नका, टेफ्लॉनच्या पट्ट्या कोरड्याच चालतात, पुसून घ्या आणि मधला बोल्ट थोडा सैल करून बघा.

प्र. चष्मा काढायचा का?

नुसता जवळचा किंवा लांबचा नंबर असेल तर काढा, फोकसर भरून काढतो. सिलिंड्रिकल नंबर जास्त असेल तर ठेवा आणि आयपीस १५-२० मिमी आय रिलीफचा (डोळा काचेपासून तेवढा लांब ठेवूनही पूर्ण दृश्य दिसणारा) घ्या.

प्र. मोबाइलने फोटो निघतील?

चंद्राचे उत्तम. २५ मिमी आयपीस, मोबाइल पकडणारा अडॅप्टर, चंद्रावर बोट दाबून एक्स्पोजर लॉक करून कमी करा, आणि टायमर लावा म्हणजे बोटाचा हादरा येत नाही. ग्रहांचे फोटो न काढता व्हिडिओ घ्या, त्यातल्या चांगल्या फ्रेम निवडून एकावर एक रचणारे ऑटोस्टॅकर्टसारखे फुकट प्रोग्रॅम आहेत.

प्र. माळ्यावर जुनी दुर्बीण सापडली. चालेल का?

बहुतेक चालेल. आरसा काळवंडलेला, डागाळलेला असेल तरी काच चांगली असते, त्यावर ॲल्युमिनियमचा नवा थर चढवून मिळतो. आत कोळी, मुंग्या, घरटं आहे का बघा, फोकसरचं वाळलेलं ग्रीस पुसून नवं अगदी थोडं लावा. आयपीसची नळी मोजा, आताची नेहमीची मापं १.२५ आणि २ इंच, फार जुन्या दुर्बिणींत ०.९६५ इंच असतं, त्याला अडॅप्टर मिळतो आणि तो घ्याच, कारण त्या काळचे सोबत आलेले आयपीस बऱ्याचदा सामान्य असतात, दुर्बीण स्वतः चांगली निघते. जुन्या खोक्यातला सन फिल्टर मात्र वर सांगितल्याप्रमाणे फोडून टाका.